श्रीपादाच्या मागचा डोंगर

माझ्या नातीचा पहिला नंबर एका गुणाने गेला, आणि तोही बरोबर उत्तर लिहिलं म्हणून. हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी म्हणायचं की म्हातारीला भांडण उकरून काढायची सवयच आहे. सवय आहे, पण या खेपेला कारणही होतं.

आमच्या बुवापाड्याच्या विहारात दर वैशाख पौर्णिमेला पंचशील ध्वज चढतो. त्याची दोरी कुठल्याही मोठ्या माणसाने ओढायची नाही, वस्तीतल्या मुलाने नाहीतर मुलीने ओढायची, असं फार पूर्वी वस्तीनेच ठरवलं. पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी सातवीपर्यंतच्या मुलांची सामान्यज्ञानाची लेखी परीक्षा होते. पहिला येईल त्याची दोरी. बक्षिसाची वही-कंपास कुणाला हवी असते, सगळ्यांचा डोळा त्या दोरीवर. माझी नात तिसरीत होती तेव्हापासून तिच्यामागे आहे. दोनदा दुसरी आली, एकदा ऐन परीक्षेला गालफुगी होऊन घरात बसली. यंदा ती सातवीत, म्हणजे ही शेवटची संधी.

यंदाचा विषय होता आशिया खंडातल्या देशांमधली सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाणं. 'नैसर्गिक' हा शब्द समितीने फळ्यावर दोनदा अधोरेखित केला होता. आदल्या वर्षी एका मुलाने उंच जागा म्हणून दुबईतला टॉवर लिहिला होता आणि त्याचा बाप भांडायला आला होता. विषय मला आवडला. बुद्धाचा धम्म ज्या ज्या देशांत गेला ते देश मुलांना नकाशावर तरी दिसतील.

उल्हासनगरच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे तयारी माझ्याकडे आली. नुसतं घोकून डोंगर लक्षात राहत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून मी गल्लीचाच आशिया केला. पाण्याचा टँकरवाला इतका उंच, की त्याच्याशी भांडायचं म्हटलं तरी मान मोडते. तो नेपाळचा एव्हरेस्ट. समोरच्या चाळीतली एक बाई कुणालाच उंबऱ्याच्या आत घेत नाही, ती भूतानचं गंगखार पुएन्सुम. त्या शिखरावर अजून कुणी चढलेलं नाही, सरकार चढूच देत नाही. पांढऱ्या केसांचा, एकटा राहणारा इस्त्रीवाला म्हणजे जपानचा फुजी. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये ज्या सिंधी काकांकडे आम्ही शाळेचे गणवेश घेतो, ते बसले काय नि उभे राहिले काय, सारखेच दिसतात. ते मालदीव. त्या देशातली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा आमच्या दाराच्या चौकटीहून जेमतेम वर आहे.

नातीला हे असं काही जमलं की शेअर रिक्षात बसल्या बसल्या ती मला सांगायची, "आजी, फुजीने आज दाढी केली." शेजारचा प्रवासी दोघींकडे बघत बसायचा.

आणि तिला मी हेही सांगितलं, की आपल्या गच्चीतून ती मलंगगडाची रांग दिसते ना, ती कतार, बहारीन आणि सिंगापूर या तिन्ही देशांच्या सगळ्यात उंच जागांपेक्षा उंच आहे. या डोंगराला देश मिळाला नाही म्हणून तो कुठल्या यादीत नाही, एवढंच. तेव्हा ती म्हणाली, "मग त्याला एखादा देश द्यायला पाहिजे." मी म्हटलं, "आधी श्रीलंका सांग."

श्रीलंका म्हणजे पिदुरुतलागला. त्यासाठी आम्ही पिठाच्या गिरणीचा मालक धरला होता. गल्लीत सगळ्यात धिप्पाड तो, पण त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. पिदुरुतलागलाचंही तसंच. माथ्यावर लष्कर आणि रडार बसलेलं, जाण्यायेण्यावर बंधनं, दिसायला काही खास नाही, त्यामुळे कॅलेंडरवर त्याचं चित्र येत नाही. चित्र येतं श्रीपादाचं. तो सुबक, शंकूसारखा, ढगातून वर आलेला, आणि माथ्यावर बुद्धाचं पाऊल. आमच्या विहाराच्या भिंतीवरही त्याचंच मोठं चित्र आहे.

श्रीपादावर मी स्वतः चढून आलेय. विहारातल्या मंडळींबरोबर लंकेच्या यात्रेला गेले होते. तेव्हा मी चाळिशीच्या अलीकडची, आणि तोरा असा की जणू डोंगरानेच मला बोलावणं पाठवलं होतं. खळ घालून कडक केलेली पांढरी साडी नेसून ही बया डोंगर चढायला निघाली. पायात नवे कॅनव्हासचे बूट, तेही एक नंबर लहान, कारण मापाचे बूट घातले की पाय हमालासारखे दिसतात असं तिचं मत. अर्ध्या वाटेवर बूट हातात आले आणि साडीची खळ घामाने उतरून अंगाला चिकटली. वर एक घंटा आहे. आपण जितक्यांदा डोंगर चढून आलो, तितक्यांदा ती वाजवायची, असा तिथला रिवाज. मी एकदा वाजवली. आवाज आवडला म्हणून परत वाजवली, आणि मग आणखी एकदा. शेजारच्या एका सिंहली म्हातारीला वाटलं, ही बाई तिसऱ्यांदा आली. तिने मला हात जोडले. आणि मी, अगदी राणीसारखी मान झुकवून, ते नमस्कार घेतले.

एवढं झाल्यावर आपण लंकेच्या टोकावर उभ्या आहोत या थाटात मी पूर्वेकडे पाहिलं. तर समोर डोंगरांची रांग, आणि आमच्याहून वर. गाईडला विचारलं, "ते काय आहे?"

तो म्हणाला, "ते उंच डोंगर, मॅडम. आमचा सगळ्यात उंच तर त्याच्याही पलीकडे. पिदुरुतलागला."

मी त्याला इंग्रजीत सुनावलं, की तुम्हाला तुमच्याच देशाचा भूगोल येत नाही. तो बिचारा तिथेच जन्मलेला. तो हसला आणि त्याने मला चहा पाजला. उतरताना मी त्या पलीकडच्या डोंगराकडे पाठ करून उतरले, म्हणजे रुसलेच होते म्हणा ना. डोंगराला काय, त्याला पत्ताही नाही.

असो. परीक्षा झाली. निकाल रविवारी संध्याकाळीच वस्तीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. मागच्या गल्लीतली एक मुलगी पहिली, माझी नात एका गुणाने दुसरी. पेपर हातात आले तेव्हा पाहिलं, तर श्रीलंकेपुढे पिदुरुतलागला, शुद्धलेखनासकट बरोबर, आणि त्यावर लाल फुली. बाजूला लिहिलेलं, 'श्रीपाद'.

मला वाटलं पोर रडेल. ती रडली नाही. मीठ लावलेली कैरी चघळत बराच वेळ बसली आणि मग म्हणाली, "आजी, मला माहीत होतं परीक्षक सर श्रीपादच धरणार. विहारात चित्र आहे ना. मी तेच लिहिलं असतं तर दोरी माझी होती, हो ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षांच्या मुलीने हा हिशेब करावा? खरं माहीत असताना खोटं लिहिलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटायला लावणारे आपण कोण? चप्पल घातली आणि विहार गाठला. समितीची बैठक चालूच होती.

समितीचा अध्यक्ष माझाच विद्यार्थी. वर्गात असताना नकाशात समुद्राला हिरवा रंग द्यायचा. आता पोट सुटलंय, गळ्यात साखळी आहे, पण मला पाहिलं की अजून उठून उभा राहतो. त्याच्या शेजारी परीक्षक बसलेले. ते बदलापूरला क्लासेस चालवतात, शर्टाच्या खिशाला तीन पेनं.

"बाई, या ना, बसा. चहा सांगू?" अध्यक्ष म्हणाला.

"चहा नको. लंकेचं सांगा."

परीक्षकांनी घसा साफ केला. "हे पाहा मॅडम, परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो."

"अंतिम असू दे. बरोबर आहे का?"

"उत्तरसूचीत श्रीपाद आहे."

"उत्तरसूची कुणी केली?"

"मीच केली."

"आणि तुम्ही कुठून घेतलंत?"

त्यांनी बोट वर केलं. भिंतीवर ते चित्र. "हे काय, समोरच आहे की."

मी खुर्चीवर बसले, कारण उभं राहून इतकं हसू आणि इतका राग एकदम झेपत नाही. जपान, थायलंड, मंगोलिया सगळं या माणसाने पुस्तकातून काढलं, आणि लंका काढली भिंतीवरून. आता उद्या कुणी उल्हासनगरातलं सगळ्यात उंच ठिकाण विचारलं, तर हे साहेब कचऱ्याच्या ढिगाचा फोटो दाखवतील.

"अहो, मी तिथे जाऊन आलेय," मी म्हटलं. "त्याच्या माथ्यावर उभी राहून दुसरे डोंगर वर बघितलेत मी. वर."

अध्यक्षाने तोवर मोबाईल काढला होता. "पिदु… पिदुरु… च्यायला, बाई, सॉरी. पण जीभ अडकते ना यार. हे पोरांना कसं येणार?"

"एका पोरीला आलं. तिला तुम्ही फुली मारलीत."

परीक्षक म्हणाले, "मोबाईलवर काय, काहीही येतं."

मग अध्यक्षाने आवाज खाली आणला. "बाई, खरं सांगू का, लोकांचा इश्यू होतो. श्रीपाद सगळ्यात उंच नाही म्हटलं तर म्हणतील, समिती बुद्धाच्या पावलाला कमी लेखते."

"पाऊल उंची मोजून ठेवलं होतं का रे? ऐकलं म्हणून मानू नका, तपासून घ्या, असं ज्याने सांगितलं, त्याच्याच भिंतीखाली बसून तुम्ही चित्रावरून मार्क देता. कमी कोण लेखतंय मग?"

  शेवटी अध्यक्षाच्या तोंडून खरं काय ते बाहेर पडलं. "बाई, फ्लेक्स लागलाय."

म्हणजे निकाल लागून एक संध्याकाळ गेली नाही तोवर नाक्यावर फ्लेक्स झळकला होता. मी तो येताना पाहिला होता. वर प्रमुख पाहुण्यांचा फोटो, म्हणजे आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा, सूर्याएवढा. खाली समितीचे सगळे, गॉगल लावलेले. आणि तळाशी, कोपऱ्यात, पहिली आलेल्या मुलीचा पासपोर्ट साइझ फोटो. आमच्या या अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात मुरूम काढून काढून अख्खा डोंगर सपाट करतात, त्याला कुणी हरकत घेत नाही. पण लावलेला फ्लेक्स उतरवायचा म्हटलं की माणसांचे हात थरथरतात.

मी म्हटलं, "फ्लेक्स राहू दे. ती पोर काही चोर नाही, तिने चित्र बघून लिहिलं, तुमच्यासारखंच. माझ्या नातीचा एक गुण द्या, दोघींचे सारखे होतील, आणि दोघींना दोरी धरू द्या."

"नाही बाई, असं कसं? प्रथा आहे. दोरी एकाच मुलाच्या हातात," अध्यक्ष म्हणाला, आणि परीक्षकांनी तिन्ही पेनांसकट मान हलवली.

प्रथा. हा शब्द मी नीट लक्षात ठेवला.

पूर्वीची मी असते तर विहाराच्या पायरीवर उपोषणाला बसले असते, आणि दुपारी भाताचा वास आल्यावर उठले असते. आता मला एवढं कळतं की ओरडून आपलाच घसा बसतो. मी घरी गेले. वाटेत नळावर त्या पहिल्या आलेल्या मुलीची आई भेटली. हंडा कमरेवरच ठेवून म्हणाली, "बाई, माझ्या पोरीचं नाव कापणार का हो?" मी म्हटलं, "कुणाचंच कापायचं नाही. तुमच्या पोरीवर माझा राग नाही. ज्यांच्यावर आहे त्यांना तो कळेल." ती म्हणाली, "तिला पण वाईट वाटतंय. म्हणते, मला ते नाव माहीतच नव्हतं." दोघी मुली एकाच शाळेत जातात, एकाच रिक्षात. मोठ्यांनी घातलेल्या घोळामुळे त्या पुढचे चार दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत, याचा मला आणखी संताप आला.

पौर्णिमेची सकाळ. मांडव घातलेला, पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मोठ्या पातेल्यात खीर उकळतेय. वंदना झाली. ध्वजाची दोरी खांबाला बांधून तयार. पण प्रमुख पाहुणे आले नव्हते. आमच्याकडे प्रमुख पाहुणे वेळेवर आले तर लोकांना शंका येते, की हे खरंच प्रमुख आहेत का. ऊन चढायला लागलं, मुलं चुळबुळ करायला लागली. मग अध्यक्ष माईक घेऊन माझ्याकडे आला.

"बाई, भाऊ निघालेत, येतीलच. तोवर दोन शब्द बोला ना. लंकेचं सांगा." आणि माईकवर हात ठेवून हळूच, "पण चांगलं चांगलं सांगा हं, प्लीज."

मी चांगलंच सांगितलं. खळीची साडी सांगितली, लहान बूट सांगितले, घंटा तीनदा वाजवून म्हातारीचे नमस्कार घेतले ते सांगितलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग त्या घंटेपाशी उभी राहून मी पूर्वेकडे काय पाहिलं, गाईड काय म्हणाला आणि मी त्याला काय सुनावलं, ते सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "तो गाईड बरोबर होता. मी परदेशात जाऊन शेण खाल्लं, ते एक सोडा. पण आपल्या समितीने घरबसल्या तेच खावं, हे काही बरं नाही. पावलाचा डोंगर श्रीपाद, उंच डोंगर पिदुरुतलागला. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात. पावलाला उंची लागत नाही."

 मागून एक बाई म्हणाली, "म्हणजे बाईंच्या नातीचं उत्तर बरोबरच होतं की."

"तर काय," दुसरी म्हणाली. "दोघींना ओढू द्या. दोरी काय साबणाची आहे, विरघळायला?"

परीक्षक उठले. "परीक्षकांचा निर्णय—"

"अंतिम. माहितीये आम्हाला. बसा सर."

ते बसले. अध्यक्षाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. एवढ्या बायकांपुढे प्रथा टिकत नाही, हे त्याला कळलं. त्याने माईकवर जाहीर केलं, की उत्तर तपासताना समितीकडून चूक झाली, दोन्ही मुली पहिल्या, दोघी मिळून ध्वज चढवतील. माझी नात उठली तेव्हा तिच्या फ्रॉकला मागे सतरंजीची धूळ लागली होती. त्या दुसरीनेच ती झटकली. दोघी खांबापाशी गेल्या आणि दोघींनी दोरी धरली, एकीचा हात वर, एकीचा खाली. माझ्या नातीने माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षं ती ज्याच्यासाठी बसली, ते तिच्या मुठीत होतं.

आणि हॉर्न वाजला.

तीन गाड्या, फोटोवाले, ढोल. भाऊ उतरले. हार घातले गेले. निवेदकाने एका दमात म्हणून टाकलं, "आणि आता आदरणीय भाऊंच्या शुभहस्ते ध्वजारोहण." भाऊंच्या एका कार्यकर्त्याने मुलींच्या खांद्यांना धरून म्हटलं, "बाळांनो, जरा साइडला." भाऊंनी दोरी घेतली, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि ओढली. ध्वज वर गेला. फुलं पडली, टाळ्या झाल्या. दोन्ही मुली रिकाम्या हातांनी खांबाच्या बाजूला.

मी अध्यक्षाकडे पाहिलं. तो फुलं गोळा करत होता. चार दिवसांपूर्वी ज्या प्रथेत दोन मुलींचे हात मावत नव्हते, त्याच प्रथेत आता अख्खा पुढारी मावला, आणि कुणाला काही अडचण नाही. मोठ्या माणसाने दोरीला हात लावायचा नाही, एवढी एकच गोष्ट होती त्या प्रथेत. एकच.

निवेदकाच्या हातातला माईक मी घेतला. मी म्हटलं, "भाऊ, एक विचारू? ही दोरी ओढायची तर आमच्याकडे परीक्षा द्यावी लागते. लहानसहान पोरंसुद्धा देतात. तुम्हालाही एकच प्रश्न. श्रीलंकेतली सगळ्यात उंच जागा कोणती?"

अध्यक्षाचा चेहरा पांढरा पडला. भाऊ मात्र कसलेले. त्यांनी माझ्या हातातला माईक प्रेमाने घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आजी, श्रीलंकेतलीच काय, जगातली सगळ्यात उंच जागा एकच. माणसाचं मन."

टाळ्या. चांगल्या कडकडून टाळ्या. फोटोवाल्यांनीसुद्धा कॅमेरे खाली ठेवून वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा माझी नात भाऊंच्या कोपराशी उभी होती, माईकच्या अगदी जवळ. ती म्हणाली, "चूक."

मोठ्याने नाही, पण सगळ्या स्पीकरमधून गेलं. तिच्या शेजारची ती दुसरी मुलगी म्हणाली, "पिदुरुतलागला." तिने ते नाव बहुतेक त्या चार दिवसांत पाठ केलं असावं. बायकांत हशा पिकला. भाऊही हसले, म्हणजे फोटोपुरते, आणि घड्याळ बघून पुढच्या कार्यक्रमाला गेले.

ध्वज खाली घेऊन मुलींच्या हातून पुन्हा चढवा, असं दोघी-तिघी म्हणाल्या. अध्यक्ष म्हणाला, एकदा चढलेला ध्वज उतरवत नाहीत. असा नियम आहे की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या नातीने ओठ घट्ट मिटले आणि म्हणाली, "राहू दे, आजी." पुढच्या वर्षी ती आठवीत जाईल. तिला ती दोरी आता कधीच ओढायला मिळणार नाही.

खीर वाटायला घेतली तेव्हा अध्यक्ष स्वतः वाटी घेऊन माझ्यापुढे आला. "बाई, झालं ते झालं. गोड घ्या."

वाटी मी घेतली, खिरीने काही पाप केलेलं नव्हतं. पण त्याला म्हटलं, "दोन पोरींच्या मुठीतून सोडवून दोरी कुणाच्या हातात दिलीत, ते अख्ख्या वस्तीने पाहिलंय. आणि पुढच्या खेपेला तू माईक दिला नाहीस तरी चालेल. मी शाळेत साठ-साठ पोरं आवरलीत, मला बोलायला माईक लागत नाही."